बॅकलॅश

वडगावच्या वाचनालयात शनिवारी व्याख्यान होतं.
खुर्च्या तीस, माणसं एकोणीस,
त्यातले चौघे नुसते पंख्याखाली बसायला आलेले.
पडदा नव्हता. खानापूरच्या कॉलेजातले हंगिरकर सर
बँकेचं कॅलेंडर उलटं टांगून
त्याच्या पाठीवर व्हॉयेजर दाखवत होते.

सत्याहत्तर सालचं.
अजून बोलतंय.
मी मनात म्हटलं, आमचा लेथ शहात्तरचा.

सर म्हणाले, दोन हजार बारात
त्यानं सूर्याच्या प्रदेशाची सीमा ओलांडली.
हॉल गप्प.
मग मागून शट्टुप्पा मोदगेकर :
निकाल कुठल्या कोर्टानं दिला वो सर?
सगळे हसले. सर हसले.
कन्नड शाळेतला माझा दोस्त बसवंत हुद्दार
जरा जास्तच हसला.
नंतर पंख्याचा आवाज परत ऐकू आला.

वीज पुरत नाही त्याला, सर सांगत होते,
दरवर्षी थोडी कमी होते,
म्हणून एकेक यंत्र बंद करत आणलंय.
एकाचा हीटर काढून घेतला, वाटलं गोठेल,
तर ते थंडीतच मोजत राहिलं.

हे मला कुणी सांगायला नको.
उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये
आधी कूलंटचा पंप गेला,
मग ऑटो फीड, मग दिवा.
पंपाच्या जागी मी बाटली टांगली,
झाकणाला सुईनं भोक पाडून.
चकाजवळ बेड खाल्लेला आहे,
कुठं किती, ते माझ्या अंगठ्याला ठाऊक.
बटाल्याची ती कंपनी कधीच बुडाली.

दोन हजार चार साली मेले म्हणून सोडून दिलेले थ्रस्टर
एकवीस वर्षांनी परत पेटवले, म्हणाले सर.
चार? शट्टुप्पा पुटपुटला,
आमची केस लागली ते साल.
या वेळी कुणी हसलं नाही.

इंजिनियरिंगची एक मुलगी उठली.
एवढं कशाला? नवं सोडा की.
सोडू, सर म्हणाले,
पण तिथवर जायला त्याला पस्तीस वर्षं लागतील.
तू तेव्हा माझ्या वयाची असशील.
ती बसली. बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

मग मी विचारलं.
आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभा राहिलो,
गुडघा वाजला तो सगळ्यांनी ऐकला.
म्हटलं, ड्रॉइंग कुणाकडं आहेत?
सर थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले.
जुने कागद खोक्यांत आहेत म्हणे.
बनवणारे बरेचसे रिटायर, काही गेले.
अडलं की उरलेल्यांना फोन करतात.

आणि हुकूम पोचायला जवळजवळ एक दिवस,
उत्तर यायला आणखी एक.
सोमवारी वळ म्हटलं
तर वळलं का ते बुधवारी कळतं.

सोमवारी ईरण्णाला लेथवर उभं केलं.
बैलहोंगलचा पोरगा, तीन महिने झालेत,
मराठी त्याला शिव्यांपुरती येते.
शेजारी शंभर पानी वही ठेवली,
पहिल्या पानावर मी बेडचं चित्र काढलंय,
खाल्लेल्या जागी पेन्सिलीनं काळं केलंय.
मी सांगितलं ते त्यानं खाली कन्नडमध्ये लिहिलं,
एक ओळ मला लागली नाही.
विचारली नाही. त्याची असेल.

स्क्रू झिजला की मूठ फिरते
पण टूल जागचं हलत नाही.
तेवढ्या मोकळ्या फिरण्यात
शिकाऊ घाबरतो, आणखी फिरवतो,
मग एकदम चावा बसतो आणि जॉब वाया.
असे चार जॉब त्यानं भंगारात घातलेत.

तडी, मी म्हणतो.
त्याचा हात थांबतो, मग हळूच पुढं येतो.
डायलवर आठ रेघा सरल्यात.
टूल अजून हललेलं नाही.
आम्ही दोघं वाकून बघतोय.